अठ्ठावन्न आणि नऊ

आमच्या घरात दोघांचंही व्हिटॅमिन डी मोजलेलं होतं. नवऱ्याचं अठ्ठावन्न, माझं नऊ. तीसच्या वर असलं की बरं, वीसच्या खाली म्हणजे कमी, आणि नऊ असलं की डॉक्टर चष्मा काढून तुमच्याकडे नीट बघतात. आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे तसंच बघितलं होतं. जामसंड्यात त्यांच्या दवाखान्यामागच्या लॅबमध्ये मी तेव्हा अठरा वर्षं काम करत होते. लोकांना उन्हात बसा म्हणून सांगायचं आणि स्वतः सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ट्यूबलाइटखाली बसायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

नवऱ्याचं काम याच्या अगदी उलट. तो देवगडच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मे महिन्यातसुद्धा अंगात बनियन नाही, डोक्याला तेवढा पंचा. पाठ तव्यासारखी काळी झालेली. माणसाला उन्हाची गरज असते हे त्याला कोणी सांगितलं असतं तर त्याने हसून विषय सोडून दिला असता.

त्याचं रक्त तपासायचं कारण असं झालं की आमच्याकडे व्हिटॅमिन डी मोजायचं छोटं मशीन आलं. तोवर नमुने थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून कोल्हापूरला पाठवायचे आणि दोन दिवस वाट बघायची. आता अठरा मिनिटांत उत्तर. पण मशीन खरं बोलतंय की नाही हे रोजच्या रोज बघावं लागतं. त्यासाठी लागतं कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं सीरम. ते लावायचं, मशीनने माहीत असलेलाच आकडा दिला तर पुढच्या पेशंटांवर विश्वास ठेवायचा. कंपनीचं कंट्रोल महाग, शिवाय ते यायचं त्यांच्या मर्जीने. म्हणून छोट्या लॅबवाले एक युक्ती करतात. ओळखीच्या माणसाचं रक्त घेतात, त्यातलं सीरम वेगळं काढतात, मोठ्या लॅबमधून त्याचा आकडा पक्का करून आणतात आणि मग ते करंगळीएवढ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत थोडं थोडं भरून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात. दर वेळी एक कुपी काढायची. एक कमी आकड्याचं सीरम लागतं आणि एक जास्त आकड्याचं.

कमीला तोटा नव्हता. लॅबमधली मी, रिसेप्शनवरची बाई, डॉक्टर, आम्ही सगळे कमीच होतो. समुद्र इथून चालत जाण्याच्या अंतरावर, ऊन बारा महिने, आणि जास्त आकड्याचं माणूस शोधून मिळेना. तेव्हा मला आमच्या घरातली काळी पाठ आठवली.

इंजिनाच्या पट्ट्यात बोट सापडलं तरी ओरडणार नाही असा माणूस सुईला भ्यायचा. लॅबच्या खुर्चीत बसून त्याने तोंड भिंतीकडे केलं. घरून येताना उपाशी ये म्हणून मी बजावलं होतं, तरी गडी बांगड्याच्या तिखल्याशी चांगला दोन वेळा भात घेऊन आला होता, त्यामुळे सीरम जरा गढूळ आलं. मी पुष्कळ बोलले. तो म्हणाला, "इतक्या सगळ्या जामसंड्यात तुझ्या मशिनीक माझाच रगात बरा गावला गो?" तीन महिन्यांत तीनदा त्याने रक्त दिलं आणि तिन्ही वेळा भिंतीकडेच बघितलं.

खालचं कंट्रोल मी झाले. माझं रक्त मीच काढायची, डाव्या हातातून उजव्या हाताने. अडचण एकच. सुई शिरेत गेली की दंडाचा रबरी पट्टा सोडावा लागतो आणि तिसरा हात नसतो. तेव्हा मी त्याला बोलवायची. तो डोळे गच्च मिटून चाचपडत पट्ट्याचं टोक शोधायचा आणि ओढायचा. एकदा टोक समजून त्याने माझी बाही ओढली होती.

कुप्यांवर चिठ्ठ्या लावल्या. त्याच्यावर "वरचा", माझ्यावर "खालचा". दर सोमवारी सकाळी दोन्ही काढायच्या, वितळवायच्या, शेजारी शेजारी मशीनला लावायच्या. वरचा अठ्ठावन्न, खालचा नऊ. एखादा पॉइंट इकडे तिकडे. रजिस्टरात एकाखाली एक दोन ओळी. घरी मात्र या आकड्यांनी मला फार छळलं. त्याने मला नावाने हाक मारणंच सोडलं. "गो नऊ, चाय कर." "गो नऊ, चल उनात." त्याला मी एकदा सांगून बसले होते की सकाळचं कोवळं ऊन यासाठी फारसं कामाचं नाही, दहा ते तीनचं लागतं. झालं. दर रविवारी बाराला तो मला सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या माळावर, घेऊन जायचा. कातळावर चटई टाकून, बाह्या वर करून आम्ही दोघं अर्धा तास बसायचो. येणारेजाणारे विचारायचे काही हरवलंय का. एका वर्षात माझा आकडा एकवीस झाला. मग माझं नवं रक्त कंट्रोलला चालेना, पण जुन्या नऊच्या कुप्या फ्रीजरमध्ये भरपूर होत्या. घरात एकवीस होऊनही माझं नाव नऊच राहिलं.

तो गेला तेव्हा पावसाळा संपून होड्या पाण्यात उतरवायचे दिवस होते. बंदरावर एका होडीत इंजिनावर वाकलेला असतानाच छातीत कळ आली. हृदयाला ऊन पुरलं की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. आम्हाला मूल नाही. पंधरा दिवस नातेवाईक होते, मग मी, आणि घर.

एकटेपणा कसा असतो हे मला मासळी बाजारात कळलं. आमच्याकडे मासे वाट्यावर विकतात. पाचसहा बांगडे एकत्र मांडले की तो एक वाटा, घरच्या चार माणसांचा. मी पहिल्यांदा गेले आणि नेहमीच्या कोळणीने न विचारता वाट्यातले तीन बांगडे बाजूला काढून उरलेले माझ्या पिशवीत टाकले. तिने बरंच केलं होतं, पण मी घरी येईपर्यंत रडत होते.

आणि सोमवार आला. मी सवयीने फ्रीजर उघडला, दोन कुप्या काढल्या, लावल्या. अठरा मिनिटांनी मशीनने दाखवलं, अठ्ठावन्न. माणूस जाऊन महिना झाला होता आणि त्याचा आकडा जिथल्या तिथे होता. मला फार बरं वाटलं. हे विचित्र आहे हे मला कळत होतं, म्हणून मी कोणाला बोलले नाही. पुढे कितीतरी सोमवार माझे त्यामुळेच निघाले. आठवडाभर घरात कोणाशी बोललेलं नसायचं, पण सोमवारी सकाळी रजिस्टरात आम्ही दोघं एकाखाली एक लिहिले जायचो.

मग एके दिवशी मी कुप्या मोजल्या. त्याच्या एकतीस उरल्या होत्या.

मोजल्या हीच चूक केली. त्यानंतर मी काटकसर सुरू केली. खालचा दर सोमवारी लावायची, वरचा पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. रजिस्टरात खोटं मी कधी लिहिलं नाही. "वरचा लावला नाही" एवढंच लिहायची आणि डॉक्टर पान उलटून बघत नाहीत यावर विसंबून राहायची. पण तीन वर्षांत कितीही हात आखडला तरी कुप्या संपतातच. एक उरली. ती मी फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात, बर्फाच्या थराला लागून ठेवली. डॉक्टरांच्या लक्षात आलंच शेवटी. कंपनीचं कंट्रोल मागवा म्हणाले. मागवलं. ते येईना.

त्याच सुमारास बंदरावरच्या एका चाचीचा नमुना लावायची पाळी आली. मासळीच्या व्यापारातलं मुसलमान घर, सगळ्या बंदराची ती चाची. तिच्या तीन सुना. चौघींनाही अंगदुखी, चौघींचंही डी कमी, म्हणून डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी चौघींना सारखंच औषध दिलं होतं. दर शुक्रवारी एक पुडी दुधातून. आता पुन्हा तपासणी होती. मी त्यांच्या घरी जाऊन चौघींचं रक्त घेऊन आले आणि मशीनला लावलं. तिन्ही सुना दहा, बारा, अकरा. म्हणजे औषध लागूच पडलं नाही. आणि चाचीला मशीन आकडाच देईना. नुसतं दाखवलं, शंभरच्या वर. शंभराच्या पुढे ते मोजत नाही.

एक घर, एक औषध, एकच डोस, आणि अशी तफावत. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून माझ्याकडे बघितलं.

"वरचा लावलात का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खालचा लावलाय, बरोबर नऊ आलाय. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तराजू पाव किलोला खरा आणि पाच किलोला खोटा असू शकतो. खालच्याने खालचंच सिद्ध होतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. पण माझ्याकडे सबब तयार होती. त्याच आठवड्यात मशीनचं नवं किट, म्हणजे तपासणीच्या पट्ट्या आणि रसायनं, एसटीच्या पार्सलने आलं होतं, स्टँडवर दुपारभर उन्हात पडलं होतं, आत बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालेलं. मी म्हटलं, किट खराब असणार. कंपनीचं कंट्रोल आलं की पुन्हा लावते, आठ दिवस थांबू. सुना कमी आल्यात ते किटमुळे असेल, चाची जास्त आली तेही किटमुळे. डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मी चाचीच्या घरी फोन करून मशीन बिघडलंय, पुढच्या आठवड्यात परत रक्त द्यावं लागेल असं सांगितलं. औषध चालू ठेवायचं का, असं पलीकडून विचारलं, तर मी हो म्हटलं.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते. शेवटची कुपी जपण्यासाठी मी एका म्हाताऱ्या बाईला औषध चालू ठेवायला सांगितलं.

दोन दिवसांनी चाचीची मधली सून दवाखान्यात आली, स्वतःच्या पोराला खोकला होता म्हणून. जाता जाता लॅबच्या दारात थांबली. चाचीला बरं नाही म्हणाली. पोट साफ होत नाही, मळमळतं, बोलता बोलता भलतंच काही बोलते. "आनि कळसो कळसो पाणी पितत," ती म्हणाली, "जेवणत मात्र नाय."

मी खुर्चीत बसूनच राहिले. डी भलतंच वाढलं की रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि कॅल्शियम वाढलं की माणूस असंच पाणी पितं. आमच्या लॅबच्या कोर्सच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं होतं ते. मशीन खोटं बोलत नव्हतं. निदान बोलत नसावं. पण "नसावं" यावर रिपोर्ट देता येत नाही, आणि डॉक्टर एकदा त्या मशीनवरचा विश्वास माझ्याच सांगण्यावरून सोडून बसले होते.

ती गेल्यावर मी फ्रीजर उघडला.

कुपी बर्फाला चिकटली होती, ती नखाने सोडवावी लागली. वितळायला ती टेबलावर, उजेडापासून झाकून ठेवायची असा नियम आहे. मी मुठीत धरली. दारामागच्या स्टुलावर बसून दहा मिनिटं मी ती तशीच धरून होते. आधी हात बधिर झाला, मग हळूहळू कुपी माझ्या हाताइतकी ऊबदार झाली. उघडून बघितली तर आतलं सीरम तेच, जरा गढूळ. मी त्याला मनात म्हटलं, उपाशी ये म्हटलं होतं ना. आणि मग मला इतकं रडू आलं की थोडा वेळ काही करताच येईना.

डोळे पुसले, हात धुतले, नवे हातमोजे घातले. मोजून सीरम घेतलं. किटच्या पट्टीत सोडलं. मशीनचं झाकण लावलं. अठरा मिनिटं मी समोर उभी होते. आकडा चुकीचा यावा असं मला क्षणभर वाटून गेलं. म्हणजे किटच खराब ठरलं असतं, चाचीला काही झालेलं नसतं, आणि माझाही काही दोष राहिला नसता. पण तो अठ्ठावन्नच यावा असंही वाटत होतं, आणि हे दुसरं वाटणं फार जोराचं होतं.

सत्तावन्न पूर्णांक आठ आलं.

मी डॉक्टरांना बोलावलं. रजिस्टर दाखवलं, वरचा मुद्दाम लावला नव्हता हेही सांगितलं, आणि का, तेही. त्यांनी मला दोन शब्द ऐकवायला हवे होते. ते म्हणाले, चाचीच्या त्याच सीरमवर कॅल्शियम लावा. ते भरपूर वाढलेलं निघालं. तासाभरात घरचे तिला घेऊन सावंतवाडीला गेले. तिथे आठ दिवस सलाइन चढलं, पुड्या अर्थातच बंद झाल्या. कंपनीचं कंट्रोल मधल्या काळात, म्हणजे मी कुपी उघडली त्याच्या तिसऱ्या दिवशी आलं. तीन दिवस. कधी कधी हे माझ्या डोक्यात फार वेळ फिरत राहतं. मग चाचीचे ते पाण्याचे कळसे आठवतात आणि मी गप्प बसते.

महिन्याभराने चाची स्वतः आली, रक्त द्यायला. अंग उतरलेलं, पण जीभ जागेवर आलेली. तोवर गोष्ट उलगडली होती, पण ती तिच्याच तोंडून ऐकायची होती मला. सुनांना त्या पुडीची चव आवडेना, दूध नासल्यासारखं लागतं म्हणाल्या. पहिल्या महिन्यानंतर तिघींनीही घेणं सोडलं आणि चाचीला कळू नये म्हणून पुड्या फळीवरच्या डब्यात टाकायला लागल्या. चाचीला डबा सापडला. ज्या घरात सुक्या मासळीचं डोकंसुद्धा आमटीला ठेवतात, तिथे डॉक्टरकडून आणलेलं औषध कोण फेकणार?

"फुकट कित्याक घालवूची दवा?" ती म्हणाली. "सुनो खाईत नाय, मगे सगळ्यांची मीच खाल्लंय. बरी लागता, गोडशी."

मी तिच्यावर रागावले आणि मग दोघीही हसलो. पट्टा बांधताना तिने विचारलं, की मशीन बिघडलंय असं मीच आधी फोनवर सांगितलं होतं, मग ते बरोबर आहे हे नंतर कळलं कसं. मी सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण ती नवऱ्याला ओळखत होती, तिच्या घरच्या दोन होड्यांची इंजिनं त्याच्याच हातची होती, त्यामुळे सगळंच सांगून झालं. तिकडे सुई शिरेत होती आणि ट्यूब भरत होती.

चाचीने भरत आलेल्या ट्यूबकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या घोवान माका वाचवल्यान गो."

त्याने नाही, मी तुला मारणार होते, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी कापूस दाबून धर म्हटलं.

ती गेल्यावर मी रजिस्टर काढलं. कंट्रोलची शेवटची कुपी वापरली की शेऱ्याच्या रकान्यात "संपला, नवीन सुरू" असं लिहायचं असतं. महिनाभर मी तो रकाना कोरा ठेवला होता. आता लिहिलं, "वरचा संपला." पुढचे दोन शब्द लिहिले नाहीत. वरच्यासाठी आता कंपनीची बाटली आहे, बारकोड लावलेली. ती दर सोमवारी अगदी बरोबर आकडा देते आणि मला तिचा राग येतो.

खालच्याही कुप्या संपत आल्या होत्या, तेव्हा त्याच दुपारी नव्याने रक्त काढायला बसले. पट्टा बांधला, शीर सापडली, सुई आत गेली. पट्टा सोडायला कोणी नव्हतं. टोक दातात धरून ओढलं. रविवारचं सड्यावर जाणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे एकवीस राहिलं नसणार हे मला माहीत होतं. नऊ येईल असं धरून चालले होते. आठ आलं.

घरात मला नऊ म्हणणारं कोणी उरलं नाही, आणि आता मी नऊही राहिले नाही. हे ऐकून ज्याने दिवसभर मला चिडवलं असतं आणि रविवारी बाराला उन्हात नेलं असतं, त्याच्या नावापुढे मी तासाभरापूर्वी संपला असं लिहून बसले होते. मग मी नव्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांच्यावर "खालचा" लिहिलं, आणि कुप्या भरायला घेतल्या.